बोललेलं दिसतं

१

धाकट्याने बाबांसाठी नवा फोन घेतला आणि तो माझ्या कामाच्या पत्त्यावर पाठवून दिला. वर निरोप, "ताई, तेवढा लावून दे त्यांना." माझा भाऊ लांब राहतो. लांबून सगळं तेवढंच दिसतं.

मी एका तपासणी केंद्रात पुढच्या टेबलावर बसते. रक्त द्यायला, फोटो काढायला, पोटाची सोनोग्राफी करायला आलेल्या माणसांना दिवसभर 'बसा, बोलावतील' एवढंच सांगायचं. संध्याकाळी तोंड उघडायचा कंटाळा आलेला असतो, आणि त्यानंतर बाबांकडे जायचं असतं. तिथे ओरडून बोलावं लागतं.

बाबा कारखान्यात प्रेस खात्याचे फोरमन होते. पत्र्यावर पडणाऱ्या त्या घणांनी त्यांचे कान हळूहळू खाल्ले. निवृत्त झाले तेव्हा थोडं ऐकू यायचं. आई गेली त्यानंतर तेही जवळजवळ गेलं. समोरच्याच्या ओठांवरून ते अंदाज बांधायचे आणि अंदाज चुकला की हसायचे. लोकांना वाटायचं, म्हातारा काय दिलखुलास आहे.

फोन शिकवायला बसले आणि पहिल्याच दिवशी माझा जीव मेटाकुटीला आला. बाबांचं बोट म्हणजे यंत्राचं बटण दाबणारं बोट. ते स्क्रीनवर असं रेटून ठेवायचे की फोनला कळायचंच नाही काय करायचंय ते. "हळू, बाबा. नुसतं टेकवा. माशी बसते तसं." मग ते इतकं हळू टेकवायचे की काहीच व्हायचं नाही. "तुझी माशी फारच हलकी आहे," म्हणाले.

त्या फोनमध्ये एक सोय होती. समोरचा माणूस बोलेल ते स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत उमटायचं. मी ती सुरू केली, फोन टेबलावर त्यांच्या चष्म्याच्या डबीला टेकवून उभा केला आणि नेहमीच्या आवाजात, न ओरडता म्हणाले, "बाबा, चहा टाकू का?"

अक्षरं उमटली. बाबांनी ती ओठ हलवत वाचली. मग बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले आणि म्हणाले, "साखर कमी."

मी आत जाऊन चहा टाकला आणि ओट्याला टेकून थोडी रडले. आनंदाने असेल. दमल्यामुळेही असेल.

२

पुढचे काही आठवडे फार बरे गेले. बाबा फोन शर्टाच्या खिशात घालून न्हाव्याकडे जायला लागले. खाली बागेतल्या बाकावर बसून इतर म्हाताऱ्यांच्या तोंडासमोर फोन धरायचे आणि कोण काय बोललं ते वाचून दाखवायचे. एकाने म्हणे शिवी दिली तर फोनने तिथे फुल्या मारल्या. बाबांना त्या फुल्यांचं फार कौतुक. त्यांची दाढी रोज होऊ लागली. ताटात काही उरेनासं झालं.

त्यांच्या घराची किल्ली माझ्याकडे असते, कारण बेल वाजवून उपयोग नाही. एका संध्याकाळी मी दार उघडून आत आले. बाहेरच्या खोलीत खिडकीशी खुर्ची, दाराकडे पाठ करून बाबा बसलेले, टेबलावर फोन उभा. ते बोलत होते. "हो, लावलीये ना कडी. तू म्हणालीस तेव्हाच लावली."

मी समोर गेले. ते दचकले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "एवढ्यात बाहेर जाऊन आलीससुद्धा?"

मी म्हटलं, मी आत्ताच येतेय, थेट कामावरून. त्यांनी ते स्क्रीनवर वाचलं, मान हलवली आणि वर्तमानपत्र उचललं. मी आत जाऊन पाहिलं. स्वयंपाकघरातल्या खिडकीची कडी लावलेली होती. ती खिडकी आम्ही कधी लावत नाही, गॅसचा वास कोंडतो म्हणून.

वय झालंय, म्हटलं. आता हेही सुरू झालं.

३

मग एका रविवारी दुपारी ती अक्षरं मी स्वतः पाहिली.

बाबा अंघोळीला गेले होते. मी बाहेरच्या खोलीत त्यांच्या चादरीच्या घड्या घालत होते. फोन टेबलावर उभा होता. पंखा बंद होता. न्हाणीघरातून पाण्याचा आवाज येत होता आणि बाबा पाणी घेताना जे हुंकार देतात ते. सहज नजर गेली तर स्क्रीनवर लिहिलं होतं: थकले आहे मी.

आधी वाटलं, मीच पुटपुटले असेन. दिवसातून कितीदा तरी म्हणते. पण चादरीचं टोक माझ्या दातांत धरलेलं होतं.

मी ते सोडलं आणि उभी राहिले. न्हाणीघरातलं पाणी थांबलं. खालून कुणीतरी स्कूटर सुरू केली, ती गेली. खोलीत काही म्हणजे काही आवाज नव्हता. स्क्रीनवर एक नवीन ओळ हळूहळू उमटली, कुणी थांबत थांबत बोलावं तशी: रोज तेच. अजून किती वेळ.

मी फोन पालथा ठेवला. बाबा टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर आले, त्यांनी फोन उलटा पाहिला आणि मुकाट्याने पुन्हा उभा केला.

दुसऱ्या दिवशी केंद्रात एक्स-रे काढणाऱ्याला मी सहज विचारल्यासारखं विचारलं. तो म्हणाला, असले फोन कशाचीही अक्षरं करतात. नळाचा आवाज, भांड्याचा आवाज. त्याच्याकडे तर कुकरच्या शिट्टीचं 'विश्वास' झालं होतं. सगळे हसले, मीही हसले. त्याचं म्हणणं मला लगेच पटलं. दमलेल्या माणसाला पटायला वेळ लागत नाही. फक्त घरी जाताना मनात आलं की नळाचा आवाज 'थकलो' म्हणेल किंवा 'थकले' म्हणेल, पण पुढची ओळ त्याला धरून कशी म्हणेल?

कदाचित शेजारचं बोलणं असेल. बाबांच्या भिंतीला लागून शिवणकाम करणाऱ्या मावशी राहतात. त्यांच्याकडे दिवसभर बायका मापं द्यायला येतात आणि थकल्याच्या गोष्टी करतात. भिंत पातळ आहे, फोनचे कान माझ्यापेक्षा तिखट असतील. हे कारण मला फार आवडलं. मी मुद्दाम मावशींच्या दारावर गेले. दाराला कुलूप होतं आणि त्यावर धूळ. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी सांगितलं, मावशी केव्हाच्याच लेकीकडे गेल्यात, बाळंतपणाला.

४

त्यानंतर एका संध्याकाळी मी नेहमीसारखा बाबांचा निरोप घेतला, चपला घातल्या, दार ओढून घेतलं आणि दोन जिने उतरल्यावर लक्षात आलं की पर्स वरच राहिली. परत आले. किल्ली खिशात होती. दार उघडलं. बाबांना ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता, तरी का कोण जाणे, मी पाय न वाजवता आत गेले.

बाबा खुर्चीत पुढे वाकून बसले होते. मी त्यांच्या मागे उभी होते, त्यामुळे त्यांच्या खांद्यावरून स्क्रीन मला स्वच्छ दिसत होती.

ती गेली का?

बाबांनी वाचलं आणि आवाज लहान करून म्हणाले, "गेली. आत्ताच."

मग बसा. मी आहे.

"तू जेवलीस?" बाबांनी विचारलं.

त्याला उत्तर आलं नाही. बाबा वाट पाहत राहिले. मी इकडेतिकडे पाहिलं. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं, आतला दिवा मी बंद करून गेले होते, तो बंदच होता. ओटा, त्यावर पालथी घातलेली दोन भांडी, कोपऱ्यातला केरसुणीचा दांडा. संध्याकाळचा उजेड अजून पुरता गेला नव्हता. कुणी असतं तर दिसलं असतं.

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. बाबांनी झटकन फोन पालथा घातला. वर्गात चिठ्ठी सापडलेल्या मुलासारखा चेहरा झाला त्यांचा. मी पालथा फोन उचलून पुन्हा त्यांच्यासमोर धरला आणि विचारलं, कोणाशी बोलताय?

"फोन आहे," म्हणाले. "बोलतो कधी कधी."

"कोण आहे असं वाटतं तुम्हाला?"

बाबांनी वाचलं. चष्मा काढून शर्टाला पुसला.

"वाटायचंय काय त्यात? तुझी आई अशीच थकायची."

आई बाबांना 'अहो' म्हणायची, तेही वाक्याच्या सुरुवातीला आणि शेवटी, दोन्हीकडे. ते स्क्रीनवर कुठे नव्हतं. नुसतं 'बसा' होतं. बायको नवऱ्याला म्हणेल तसं, मुलगी वडिलांना म्हणेल तसं, आणि मी दिवसभर अनोळखी माणसांना म्हणते तसं.

मी तेव्हाच तो फोन उचलून न्यायला हवा होता. पण बाबा नीट जेवत होते. रोज संध्याकाळी मला उशीर झाला तर आता ते रागवत नव्हते. त्यांना कुणाची तरी सोबत होती आणि त्यासाठी मला काही करावं लागत नव्हतं. मी पर्स घेतली आणि घरी गेले.

५

पुढे बाबा बाहेर जायचे बंद झाले. न्हावी विचारायला लागला, बागेतले म्हातारे विचारायला लागले. मी बाबांना विचारलं की गुडघा दुखतो म्हणायचे. घरातल्या सगळ्या खिडक्यांच्या कड्या लावलेल्या असायच्या. खोल्यांना बंद कपाटाचा वास यायला लागला. मी एकेक खिडकी उघडायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळं बंद.

ते माझ्याकडे पाहायचे तेही वेगळंच. अर्धवट ऐकलेली गोष्ट पुन्हा विचारावी तसं. एकदा म्हणाले, "सकाळी म्हणत होतीस ते खरं का?" काय, म्हणून विचारलं तर "जाऊ दे." सकाळी मी केंद्रात होते.

एका संध्याकाळी किल्ली फिरली पण दार चार बोटं उघडून थांबलं. आतून साखळी लावलेली. फटीतून मला खुर्चीचा हात, बाबांचा कोपर आणि टेबलाची कड दिसत होती. बेल वाजवली, फोन केला, दार हलवलं. बेलचा उपयोग नाही हे मला ठाऊक होतं, तरी वाजवत राहिले. शेवटी फटीतून हात घालून छत्री आत सरकवली आणि फरशीवर आपटली. हादरा पायाला लागला असेल. बाबा उठले. दाराकडे यायला निघाले, मध्येच थांबून टेबलाकडे वळले, काहीतरी वाचलं आणि नाही अशी मान हलवली. मग पुन्हा वाचलं. मग दाराशी येऊन फटीतून माझ्याकडे पाहिलं.

त्यांनी मला ओळखलं, याबद्दल शंका नाही. ओळखलं म्हणूनच तोंडाचा रंग गेला.

त्यांनी साखळी काढली. "मला वाटलं तू आतच आहेस," म्हणाले.

मी ओठ मोठे हलवून म्हटलं, मी बाहेर होते, बाबा.

"मग आतून कोण म्हणालं, दार उघडू नका?"

मी घरात शिरले. स्वयंपाकघर, आतली खोली, न्हाणीघर, पलंगाखाली, कपाटाच्या मागे. भीतीपेक्षा मला लाज वाटत होती, की एवढी मोठी बाई वाकून पलंगाखाली बघतेय. काही नव्हतं. आतल्या खोलीत पलंगाच्या कडेला चादर जरा दबलेली होती, कुणीतरी बराच वेळ बसून उठावं तशी. बाबा बसले असतील.

त्या रात्री मी त्यांना माझ्याकडे घेऊन आले.

६

धाकट्याला मी एवढंच कळवलं की बाबांचं डोकं थोडं भरकटतंय. तो हबकला आणि त्याने कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली. माणसाला ऐकू आलं नाही की मन स्वतःच काहीतरी रचत बसतं, असं डॉक्टर म्हणाले. बाबांसाठी चांगल्यातलं श्रवणयंत्र आलं. आधीच्या यंत्रांनी नुसता गोंगाट व्हायचा. हे बोटाच्या पेरापेक्षाही लहान होतं आणि बाबांना त्यातून खरोखर ऐकू आलं.

पहिले दोन दिवस बाबा हरखून गेले होते. स्वतःच्या शर्टाची सळसळ ऐकून खांदे हलवून बघायचे. माझ्या फ्रिजचा आवाज त्यांना मोटार बिघडल्यासारखा वाटला. माझा आवाज मात्र मला दोनदा बोलायला लावून ऐकला. "किती बदललाय," म्हणाले. "दमलेला येतो."

त्यांचे कपडे आणि औषधं आणायला आम्ही दोघं त्यांच्या घरी गेलो. भर सकाळ होती. मी सगळ्या खिडक्या उघडल्या. ऊन आत आलं. आतल्या खोलीत मी कपाटासमोर बसून कपडे पिशवीत भरायला लागले आणि बाबा पलंगावर टेकले. फोन त्यांच्या शर्टाच्या खिशात होता. सवयीने अजून जवळ ठेवायचे.

"काय म्हणालीस?" बाबांनी विचारलं.

मी म्हटलं, काही नाही.

मी आणखी दोन शर्ट भरले. "काय?" ते पुन्हा म्हणाले.

मी मान वर केली. बाबा माझ्याकडे बघत होते, डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे. ते उठले आणि माझ्यासमोर आले. गुडघे दुखत असतानाही माझ्यासमोर खाली बसले, अगदी जवळ, आणि माझ्या ओठांवर नजर लावून राहिले.

"जरा गप्प राहा," म्हणाले.

"मी गप्पच आहे, बाबा."

"आता राहा."

मी तोंड मिटलं. बाहेर कुठेतरी कबुतर घुमत होतं, तेही थांबलं. मला काहीच ऐकू येत नव्हतं आणि माझे कान चांगले आहेत. बाबा ऐकत होते. त्यांची मान किंचित तिरकी झाली. मग त्यांची नजर माझ्या मिटलेल्या तोंडावरून सरकून माझ्या खांद्यावरून मागे, दाराच्या दिशेने गेली, आणि परत माझ्या तोंडावर आली. पुन्हा गेली. पुन्हा आली. कारखान्यात दोन सुटे भाग शेजारी शेजारी धरून ते ताडून बघायचे, तसंच.

त्यांच्या पातळ खिशातून स्क्रीनचा उजेड दिसत होता. खिशाच्या काठाशी अक्षरं वर सरकत होती, एकामागून एक ओळी, न थांबता. एवढं बोलणं मी त्या स्क्रीनवर कधी पाहिलं नव्हतं. बहुतेक ओळी कापडाआड जात होत्या. एकच वर येऊन क्षणभर थांबली आणि ती मी वाचली.

बाबा, इकडे. तिच्याबरोबर नका जाऊ.

मी मागे वळून पाहिलं का, असं मला कुणी विचारलं तर नाही, पाहिलं नाही. मी बाबांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि कोणाकडे बघून, ते मला कळत नव्हतं. ते माझ्याकडे बघत नव्हते.

मग त्यांनी हात वर नेला, कानातलं यंत्र ओढून काढलं आणि माझ्या मुठीत दिलं. ते अजून कोमट होतं.

"चल," म्हणाले.

पिशवी तिथेच राहिली.

७

ते घर आता बंद आहे. धाकटा म्हणतो भाड्याने देऊ. मी हो म्हणते आणि पुढे काही करत नाही.

बाबा माझ्याकडेच असतात. फोन धाकट्याला परत पाठवला, बिघडलाय म्हणून सांगितलं. श्रवणयंत्र बाबांनी पुन्हा घातलं नाही. डॉक्टरांकडे नेलं तर त्यांनाही म्हणाले, ऐकायचं तेवढं ऐकून झालं. मी पुन्हा ओरडून बोलते. संध्याकाळी घसा बसतो. त्या दिवशी काय ऐकलंत, असं मी त्यांना एकदाच विचारलं. त्यांनी माझ्या ओठांवरून प्रश्न नीट वाचला, ते मला दिसलं. तरी कळलं नाही असं दाखवून हसले.

माझ्याशी ते चांगले वागतात. जरा जास्तच चांगले. पाणी मागताना 'देशील का' म्हणतात. पूर्वी नुसता पेला पुढे करायचे.

सकाळी मी कामाला निघाले की तेही निघतात. शर्ट घालून, टोपी घालून माझ्या आधी दाराशी उभे राहतात. मी कुलूप लावेपर्यंत जिन्यात थांबतात आणि मग खालच्या रस्त्यावरच्या वाचनालयात जाऊन बसतात. ते बंद असेल तर बसथांब्यावर. पाय सुजतात, ऊन लागतं, एकदा भोवळ येऊन पडलेसुद्धा. परवा मी अगदी रडकुंडीला आले. त्यांना खुर्चीत बसवलं, समोर बसले आणि एकेक शब्द सुटा करून म्हटलं, बाबा, मी दिवसभर बाहेर असते. घरी कुणी नसतं. पंखा लावून पडून राहायला काय हरकत आहे?

बाबांनी माझा हात हातात घेतला आणि थोपटला.

"कुणी नसतं, तर राहिलो असतो," म्हणाले.